गाडी थांबते कशावर?

मागच्या रविवारी येरवड्याहून आमचा पुतण्या घरी आला. चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, "काका, डिसेंबरात गाडीनं मनालीला जायचं ठरवलंय. आई, बायको, दोन्ही पोरं, सगळीच. चाकांना साखळ्या घेऊ का बर्फाचे टायरच बसवून टाकू?"

गाडीचे तीन वर्षांचे हप्ते अजून बाकी. आमच्या वहिनींनी बर्फ पाहिला तो टीव्हीवर. आम्ही पडलो कारकून माणूस, टायरचे दुकानदार नव्हे. पण घरच्या पाच जिवांचा प्रश्न, म्हणून नीट चौकशी केली. वाचकांपैकीही अनेकजण हल्ली तिकडे जातात. त्यांच्याही ती उपयोगी पडावी.

आधी टायर. आपल्याकडच्या टायरचे रबर तापलेल्या रस्त्यासाठी असते. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली ते कडक होत जाते आणि पकड सोडते. बर्फाच्या टायरचे रबर थंडीतही मऊ राहते, आणि त्याच्या बटणांवर बारीक चिरा असतात. त्या बर्फ धरून ठेवतात. खूण म्हणजे बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी. आमची भाची जर्मनीत असते. तिथे बर्फाळ रस्त्यावर असे टायर नसतील तर दंड होतो, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून ही खूण असलेलेच टायर चालतात. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च ते सक्तीचे आहेत. तिथल्या माणसाला महिनोन्महिने थंडीत राहायचे असते. पुणे ते मनाली सुमारे दोन हजार किलोमीटर, आणि बर्फ लागला तर शेवटच्या थोड्या अंतरात. बाकी सगळ्या डांबरावर ते मऊ रबर लवकर झिजणार. आपल्याला तो खर्च परवडणारा नाही, आणि उपयोगाचाही नाही.

आता साखळी. ती चाकाभोवती बसते आणि दाबलेल्या बर्फात रुतते. ती मनालीत भाड्यानेही मिळते. मात्र आपल्या टायरवर लिहिलेल्या आकड्यांप्रमाणे मापाची हवी. इंजिनाची ताकद ज्या चाकांना जाते त्यांना ती लावायची. बहुतेक लहान गाड्यांत ती पुढची चाके. घसरण सुरू होण्याआधी, सपाट जागी लावावी. थोडे अंतर गेल्यावर उतरून पुन्हा ताणावी. वेग बनवणाऱ्याने सांगितला असेल त्यापेक्षा जास्त नको. जर्मनीत कायद्यानेच ५० किलोमीटरची मर्यादा आहे. बर्फ संपला की लगेच काढावी, नाहीतर साखळी तुटते आणि टायरही खराब होतो.

३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि भर हिवाळ्यातही लोक रोहतांगपलीकडे लाहौलमध्ये जाऊ लागले. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते बोगदा या पट्ट्यात बर्फ पडला आणि सुमारे हजार गाड्या अडकल्या. अशा दिवशी पोलीस कधी कधी फक्त चारही चाकांना ताकद असलेल्या किंवा साखळी लावलेल्या गाड्याच वर सोडतात.

पण चार चाकांची ताकद गाडी पुढे नेते. थांबवायला पकडच लागते. हे आम्ही पुण्यातच शिकलो. गाडीचे टायर गुळगुळीत झाले होते, आणि "अजून महिनाभर चालतील" असे आम्हीच म्हटले होते. पहिल्या पावसात दिवे घाटात ब्रेक दाबला, तर गाडी कठड्यापर्यंत घसरत गेली. आत चौघे होतो. इंजिन चांगले, ब्रेकही चांगला. रस्त्याला धरणारे काही उरले नव्हते.

म्हणून पुतण्याला सांगितले: निघण्याआधी टायर तपास. नक्षीच्या खाचेत तळाशी छोटे उंचवटे असतात. बटणे झिजून त्यांच्या बरोबरीला आली की १.६ मिलिमीटरच नक्षी उरली, टायर संपला. बर्फासाठी तर तेवढी मुळीच पुरत नाही. मनालीपर्यंत आपल्या गाडीने जा. पुढे बर्फ असेल तर गाडी खाली ठेव आणि तिथल्या चालकाच्या टॅक्सीने वर जा. रस्ता बंद असेल तर परत फिर.

तो जरा नाराज झाला. "स्वतःची गाडी असून दुसऱ्याच्या गाडीत बसायचं?"

परवा वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, "भाऊजी, मी त्याला सांगितलंय, मला बर्फावर पाय ठेवायचाय. चाक कुणाचं का असेना."

टायर बदलून झाले आहेत. साखळीचा खर्च वाचला, त्यात वहिनींसाठी जाड बूट येणार आहेत.