रंग कुणाचा गेला?

मैत्रिणींनो, आज थोडी लाजिरवाणी गोष्ट सांगणार आहे. लाज माझीच आहे, त्यामुळे सांगायला हरकत नाही.

आमच्याकडे जुनी पण चांगल्या स्थितीतली एक गाडी घेतली. सीट क्रीम रंगाच्या, लेदरच्या. आपला जिल्हा काळ्या मातीचा, आठ महिने धूळ आणि चार महिने चिखल. तिथे असल्या सीट कशाला, हे मी तेव्हाच म्हटलं होतं. पण "मॅडम, शोभा आहे" असं विकणाऱ्यानं म्हटलं आणि घरातले सगळे भुलले. खरं सांगायचं तर मीही भुलले.

मागच्या श्रावणात वाशिमला बचत गटाच्या मालाचं प्रदर्शन होतं. आम्ही राहतो रिसोडला. आमच्या गटाच्या तिघी जणी पापड-कुरडयांचे डबे घेऊन माझ्याच गाडीतून निघाल्या. त्यातली एक शेतमजुरी करणारी. अंगावर नवंकोरं लालभडक लुगडं. बाहेर रिमझिम पाऊस. ती सीटच्या अगदी टोकावर बसली होती, मांडीवर डबा घेऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी गाडीचं दार उघडलं आणि हाक मारली. मागच्या सीटवर, बरोबर ती बसली होती त्या जागी, पसरट गडद डाग! "तुमच्या त्या बाईच्या लुगड्याचा रंग गेला असणार," सासूबाई म्हणाल्या. ह्यांनी मान डोलावली. आणि मी? मीही मान डोलावली. डाग नेमका कुठल्या रंगाचा आहे, हे वाकून पाहण्याची गरज आम्हा तिघांपैकी एकालाही वाटली नाही.

पुढच्या आठवड्यात बैठकीला जायचं होतं. मी गाडीत एक जुनी चादर घेतली आणि अंथरली. संपूर्ण सीटवर नाही, फक्त तिच्या जागेपुरती. तिनं चादरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "ताई, तुमच्या गाडीले कायले डाग लावू? मी टमटमनंच येतो." आणि खरंच निघून गेली. त्यानंतर दोन बैठकांना ती आलीच नाही.

इकडे डागावर घरोघरचे उपाय सुरू झाले. शेजारीण म्हणाली, टूथपेस्ट लावा. कुणी म्हणालं लिंबू, कुणी पेट्रोल. माझ्या जाऊबाईंनी त्यांच्या गाडीवर नेलपॉलिश काढायचं औषध वापरलं होतं. डाग तर गेला, पण सोबत सीटचा रंगही गेला आणि तिथे खरबरीत पांढुरका चट्टा राहिला. म्हणून मी हात आवरला. सीटचं काम करणाऱ्या एका जाणत्या कारागिराला विचारलं, थोडं वाचलं. जे कळलं ते तुमच्याही उपयोगाचं आहे.

गाडीच्या बहुतेक लेदरवर रंगाचा पातळ थर असतो आणि त्यावर एक पारदर्शक संरक्षक थर. कपड्याचा रंग सुरुवातीला या वरच्या थरावर बसतो. तेवढ्यात पुसला तर निघतो. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिशचं औषध हे डागासोबत तो थरही विरघळवतात. टूथपेस्ट आणि खाण्याचा सोडा बारीक कागदासारखं घासतात. सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलनंही हा थर खराब होऊ शकतो, म्हणून तेही जपून.

मग करायचं काय? आधी कोरड्या मऊ कापडानं धूळ झटकायची. कपभर कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन-चार थेंब टाकून फेस करायचा. लेदरसाठीचं क्लीनर मिळालं तर उत्तमच. आधी सीटखाली, न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून पाहायचं. मग फक्त फेस घेऊन मऊ ब्रशनं हलक्या हातानं गोल फिरवायचं. पाणी ओतायचं नाही, शिवणीतून आत मुरतं. पांढऱ्या कापडानं टिपायचं, कापडाची बाजू बदलत राहायची, नाहीतर तोच रंग परत लागतो. तीन-चार वेळा केलं की बराच डाग उतरतो. शेवटी ओल्या घट्ट पिळलेल्या कापडानं साबण पुसून सावलीत वाळवायचं आणि लेदरचं क्रीम लावायचं. एवढं करूनही राहिला तर थांबायचं. जोर लावला की नुकसान आपलंच. पुढचं काम सीट रंगवणाऱ्याचं.

आणखी एक. लेदर म्हणून जे विकतात, ते पुष्कळदा आपलं रेक्झिनच असतं. काही रेक्झिनला मऊपणा देणारे पदार्थ रंगाला आत ओढून घेतात. अशा सीटवर उन्हात आठ-पंधरा दिवस डाग राहिला, तर तो कायमचाच समजा.

तर मी पुसायला बसले. पहिल्यांदा फेस टिपला आणि रुमालाकडे पाहतच राहिले. रुमाल निळा झाला होता! लाल नाही, निळा. डाग गडद होता म्हणून आम्ही लाल धरून चाललो होतो.

मग आठवलं. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी आमचे चिरंजीव अकोल्याहून आले होते, पावसात भिजून. पुढे आजी बसलेल्या, मागे हे महाशय नवीन गडद निळी जीन्स घालून पसरलेले. दीड-दोन तास, ओल्या कपड्यात.

जीन्सचा निळा रंग म्हणजे नीळ. ज्या निळीच्या सक्तीच्या शेतीविरुद्ध गांधीजी १९१७ साली चंपारणला गेले, तीच नीळ. आता ती कारखान्यात बनते. हा रंग सुताच्या आतपर्यंत जात नाही, बाहेरच्या बाजूला थर बसतो. म्हणून तर जीन्स गुडघ्यावर झिजली की पांढरी दिसते. आणि म्हणूनच नवी जीन्स, त्यातही ओली किंवा घामेजलेली, जिथे घासेल तिथे रंग सोडते. महागड्या दुकानातली असली तरी सोडते!

आता सांगा, डाग पाहिल्याबरोबर मुलाची जीन्स एकालाही का आठवली नाही? लुगडंच का आठवलं? मला वाटतं, डागाआधी आपण माणूस पाहतो. घरात चमचा हरवला की आधी कामवालीचा चेहरा डोळ्यांसमोर येतो, तसंच हे. आपल्या माणसाचे कपडे पक्क्या रंगाचे आणि गरिबाचे कच्च्या, हे मनात आधीच ठरलेलं असतं.

रंग खरंच कच्चा आहे का, हे पाहायची सोपी रीत आहे. पांढरा रुमाल ओला करून कपड्याच्या आतल्या बाजूला दहा-वीस वेळा घासा. रुमाल रंगला तर कपडा दोन-तीनदा वेगळा धुऊन मगच घाला. कापडाच्या तपासणीतही हेच करतात, कोरडं आणि ओलं घासून १ ते ५ असे गुण देतात, ५ म्हणजे सर्वांत पक्का. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो, यावर मात्र फार विसंबू नका. रंगवताना रंग सुतात ओढला जावा म्हणून मीठ वापरतात, हे खरं. पण तयार कपड्यातला जास्तीचा रंग त्यानं धरून राहत नाही. आणि दुकानदारानं पक्का रंग सांगून कच्चा कपडा दिला असेल, तर बिल जपून ठेवा. ग्राहक म्हणून तक्रार करण्याचा हक्क आपल्याला आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

रुमाल घेऊनच मी तिच्या घरी गेले. दाखवला, सगळं सांगितलं, चुकलं म्हटलं. तिनं चहा टाकला. म्हणाली, "माह्यं लुगडं तीन पाण्यातून काढलं होतं ताई. मंग त्या दिशी माह्याच जागेवर चादर काऊन टाकली?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही.

ती आता बैठकीला येते, माझ्या गाडीतूनही येते. पण अजून सीटच्या टोकावरच बसते. सीटवरचा डाग अर्ध्या तासात निघाला होता.

आमच्या गाडीत हल्ली पावसाळाभर चादर असते. या टोकापासून त्या टोकापर्यंत, बसणाऱ्या प्रत्येकासाठी. चिरंजीव कुरकुरतात, "आई, हे काय गावठी!" मी म्हणते, "बस गुपचूप. पहिला मान तुझ्या जीन्सचा."