मुक्काम पोस्ट सांगोला

आमदारकीचा रस्ता आपल्याकडे आता ठरून गेला आहे. आधी गणेश मंडळ, मग सोसायटी नाहीतर बाजार समिती, पुढे झेडपीचा गट, चौकाचौकात वाढदिवसाचे फ्लेक्स आणि शेवटी तिकीट. तिकीट कापले गेले तर बंडखोरी. बंडखोरी फळली तर अपक्ष आमदार, आणि सरकार जुळवताना अपक्षाला जो भाव येतो तो डाळिंबालासुद्धा येत नाही. त्यानंतरचा टप्पा ‘मतदारसंघाच्या विकासासाठी’ पक्ष बदलण्याचा. विकासाचे एक बरे असते, तो नेहमी सत्ताधारी बाकांवरच बसलेला सापडतो. जून २०२२ आणि जुलै २०२३ या दोन महिन्यांत तो महाराष्ट्रात इतक्या आमदारांना एकदम सापडला की मूळ पक्ष कोणता हे ठरवायला निवडणूक आयोग, सर्वोच्च न्यायालय आणि विधानसभाध्यक्ष असे तिघेही कामाला लागले.

अशा वेळी गणपतराव देशमुखांचे नाव हटकून निघते. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यातून ते अकरा वेळा आमदार झाले. पहिल्यांदा १९६२ साली, शेवटचे २०१४ साली, नव्वदीच्या उंबरठ्यावर. मतदारसंघ तोच आणि पक्षही तोच, शेतकरी कामगार पक्ष (शेकाप). हा पक्ष काढणारे केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे स्वतःच पुढे काँग्रेसमध्ये परतले. यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणात शेकापमधली बरीच मंडळी जमेस धरली गेली. सांगोल्याचा हा वकील मात्र शेवटपर्यंत त्या बेरजेत आला नाही.

३० जुलै २०२१ रोजी ते गेले तेव्हा सर्वपक्षीय श्रद्धांजल्यांत त्यांच्या साधेपणाचा, एसटीच्या प्रवासाचा उल्लेख झाला. ते खरेच होते. पण साधेपणाचे कौतुक हे फार सोयीचे कौतुक आहे. एकदा माणसाला संत ठरवले की त्याच्यासारखे वागण्याची जबाबदारी उरत नाही, हार घालून आपण आपल्या गाडीत बसायला मोकळे. गणपतराव संत वगैरे नव्हते, चांगले मुरलेले राजकारणी होते. १९७८ साली पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) मंत्रिमंडळात ते मंत्री होते, १९९९ साली विलासराव देशमुखांच्याही. आघाडी कुणाशी करायची, तालुक्यातला कुठला गट कुणाच्या विरोधात वापरायचा, हे त्यांना कळत होते. ते कळत नसते तर अकरा वेळा कोण निवडून देतो? सत्तेशी व्यवहार करायचा, पण त्यासाठी पक्षाची पाटी बदलायची नाही, एवढाच त्यांचा नियम. तो एसटीत बसण्यापेक्षा अवघड आहे, म्हणून श्रद्धांजल्यांत त्यावर भर कमी दिसला.

एकाच पक्षातल्या या मुक्कामाची किंमतही होती. पन्नास वर्षांहून अधिक काळ बहुतेक वेळ विरोधी बाकावर बसलेल्या आमदाराच्या दुष्काळी तालुक्याला पाणी कोण आणि कधी देणार? १९७२ साली ते हरले आणि दुष्काळाच्या ऐन काळात सभागृहाबाहेर राहिले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परतले. पुढे नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदांतून कृष्णेच्या पाण्याचा धोशा त्यांनी लावून धरला. टेंभू, म्हैसाळचे पाणी यायला पिढी गेली. विरोधक विचारत, इतकी वर्षे आमदार राहून काय केले? प्रश्न अगदीच खोटा नव्हता. पण सत्तेत जाऊन आणलेल्या विकासाचा नमुना पाहायचा तर कुठल्याही तालुक्यात पाहावा. वर्षाला पाच कोटींच्या आमदार निधीतले पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवा, कुलूप लावलेले सभागृह आणि त्यावर निधीच्या अक्षरांहून मोठे नाव. जळालेली डीपी मात्र फोनावर फोन केल्याशिवाय बदलत नाही, आमदार कुठल्याही पक्षाचा असो.

या गोष्टीतले दुसरे पात्र शहाजीबापू पाटील. त्यांच्याही चिकाटीला दाद दिली पाहिजे. १९९५ साली त्यांनी काँग्रेसकडून गणपतरावांना १९२ मतांनी हरवले. त्यानंतर पराभवांची रांग. २०१९ साली गणपतराव उभे नव्हते, नातू अनिकेत होते. त्यांना बापूंनी शिवसेनेकडून ७६८ मतांनी हरवले. दोन्ही विजयांची आघाडी एकत्र केली तरी हजार होत नाही. एवढ्या काठावरच्या आमदाराला २०२२ च्या पक्षफुटीत गुवाहाटीहून झालेल्या एका फोनने, झाडी, डोंगर आणि हाटिलाच्या वर्णनाने, जी प्रसिद्धी मिळाली ती गणपतरावांना अकरा विजयांनी मिळाली नव्हती.

अकरा विजयांच्या विक्रमाचे मात्र जरा जपून बोलावे. केरळात पालाचे के. एम. मणी आणि पुथुपल्लीचे ओमन चंडी हे दोघे आपापल्या एकाच मतदारसंघातून गणपतरावांपेक्षा अधिक वेळा जिंकले. मणींनी तर आपल्या गटाचा स्वतंत्र पक्षच केला, म्हणजे पक्ष सोडण्याची वेळ आलीच तर नेता जागेवर आणि पक्षच हलला. चंडींच्या निधनानंतर २०२३ च्या पोटनिवडणुकीत त्यांचा मुलगा निवडून आला.

सांगोल्यातही वेगळे काही घडले नाही. अर्धशतकभर पक्षनिष्ठेचा धडा देणाऱ्या या तालुक्यात दुसरी फळी तयार झाली ती घरातच. २०२४ साली दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख, शहाजीबापूंना हरवून विधानसभेत गेले. जेधे-मोऱ्यांच्या पक्षाचे सभागृहात ते एकटेच आमदार आहेत. पक्षाची बैठक घ्यायला खोलीसुद्धा लागणार नाही, आणि पक्ष फुटण्याचीही तूर्त भीती नाही.