मृतसाठा म्हणजे मेलेलं पाणी नव्हे



आज पिकाचं काही नाही. रविवारी आम्ही चौघं मित्र उजनीच्या पाण्यात होडीनं मासे धरायला गेलो होतो, त्यावर लिहितोय. ज्यांच्या मोटारी बॅकवॉटरला आहेत त्यांना वाचून थोडं टोचेल. मलाही टोचलंय.

होडी आमच्या शाळेतल्या भोई मित्राची. सगळे त्याला नानाच म्हणतो. धरण व्हायच्या आधीपासून भीमेतले मासे धरणारं घर. आदल्या दिवशी मावळतीला त्यानं तंगूसाची जाळी सोडून ठेवली होती, ती पहाटे उचलायची होती. पाच वाजता आम्ही काठावर हजर. काठ म्हणजे पावसाळ्यात जिथं असतो तिथं. मे महिन्यात पाणी पार आत गेलेलं. गाळात पाय रुतवत, आपल्याच मोटारींच्या केबली आणि पाइप ओलांडत होडीपर्यंत पोचलो. केबली मोजायला लागलो होतो, तीसच्या पुढं नाद सोडला.

बसायच्या आधी नानानं चार लाइफ जॅकेट पुढं टाकली. एकजण हसला, "आरं, पवता येतंय की आम्हाला." नाना म्हणाला, "घालायचं नसंल तर खाली उतर." २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले, ते आपल्या भागात कोण विसरलंय? मे महिन्यात दुपारनंतर वावटळ कधी उठेल सांगता येत नाही. म्हणून नाना अकराच्या आत काठाला लागतो. आम्ही गुमान जॅकेट घातली.

वल्हं मी घेतलं. दहा मिनिटांत खांदे भरून आले. आयुष्यभर ऊस बांधला, पण ती ताकद इथं काही कामाला येत नाही.

पहिलं जाळं बरं निघालं. दुसरं ओढताना मधेच अडकलं. मला वाटलं जुन्या बाभळीचं खोड असेल, खाली बुडालेली रानंच आहेत सगळी. नानानं वाकून हात घातला, तर वर आला पाइपचा तुकडा आणि त्याला गुंडाळलेली काळी केबल. कुणीतरी मोटार आत सरकवताना जुनी लाइन तशीच सोडून दिलेली. जाळं चांगलं दोन हात फाटलं. नाना चिडला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. म्हणाला, "आठवड्याला एकदा तरी हे हुतंयच. जाळ्याचं काय, शिवता येतं. पर केबल चालू हाय का बंद, ते हात लावल्यावरच कळतं."

होडीत कुणी बोललं नाही. त्या वळचणीला माझी मोटार आहे. दोन वर्षांपूर्वी मीही अशीच एक लाइन सोडून दिली होती. ती हीच का, माहीत नाही.

मग जरा वेळानं गप्पा सुरू झाल्या. मी म्हणालो, यंदा उजनी लवकरच मृतसाठ्यात गेली. नाना म्हणाला, "मेलेलं म्हणतायसा, मग आम्ही कशावर जगतोय?"

हा प्रश्न दोन दिवस डोक्यातून जाईना. उजनीची क्षमता ११७ टीएमसी. त्यातलं ५३.५७ टीएमसी उपयुक्त आणि त्याखालचं सुमारे ६४ टीएमसी मृत. म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी आपण कागदावर मारून टाकलंय. पण 'मृत' शब्दाचा अर्थ एवढाच, की ते ठरलेल्या दरवाजांतून सोडता येत नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेलं. उणे ५० म्हणजे या मेलेल्या म्हणवलेल्या साठ्यातलं जवळजवळ २७ टीएमसी संपलं. ते कमी होतं तसा माशाचा कोंडवाडा होत जातो. पाणी उथळ, त्यामुळे गरम. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. वर शेवाळाचा हिरवा थर असेल तर रात्रभर ते शेवाळही प्राणवायू ओढतं, आणि पहाटे मासा तोंड वर काढून हापतो. परवा आम्ही ते डोळ्यांनी पाहिलं.

त्या हिरव्या थराला आपण सगळे पुण्याच्या सांडपाण्याला दोष देतो. बरोबरच आहे, मुळा-मुठेतून येणारी घाण इथंच साचते. पण आपला वाटा? आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे, ती चार हप्त्यांत. आपल्यातले किती जण दोनदाच पोती रिकामी करतात आणि वर पाटानं धो धो पाणी देतात? उताराच्या रानातलं ते खत शेवटी कुठं जातं? आणि फवारणी झाली की पंप धुवायला आपण पाण्यातच उतरतो. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं माशाला अगदी थोड्या मात्रेतही घातक असतात. बाटलीवर तसं छापलेलं असतं. आपण एकराला किती मिली एवढंच वाचतो.

दोष फक्त शेतकऱ्याचा आहे असं मी म्हणत नाही. बारीक आसाची जाळी ओढून बोटाएवढी पिल्लं उपसणारे लोक पाण्यातलेच आहेत. नाना त्यांना मोकळ्या तोंडानं शिव्या देतो. कटला, रोहू साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून बोटुकली आणून सोडावी लागते. तीच मोठी व्हायच्या आधी काढली तर उरतं काय? आमच्या त्या दिवसाच्या मासळीत सतरा किलो चिलापी आणि कटले दोन. चिलापीची मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, म्हणून ती कशीबशी तगते. बाकीच्यांचं अवघड आहे.

माझं म्हणणं साधं आहे. उन्हाळी आवर्तनाची चर्चा निघते तेव्हा आपण टेल आणि हेडवर भांडतो, सोलापूरच्या पिण्याच्या पाण्यावर भांडतो. पाण्यातच राहणारा माणूस त्या हिशोबात कुठं दिसत नाही. उणे किती टक्क्यांपर्यंत उपसायचं याची एक रेघ मासेमारांना विचारून ठरली पाहिजे. त्यात आपला ऊस थोडा ताणला गेला तरी चालेल असं माझं मत आहे. शिव्या पडणार हे माहीत आहे, पण ठिबकवर तेवढा ताण काढता येतो. मी काढलाय.

अकराला परत आलो. बाभळीखाली चिलापीचं कालवण, बाजरीची भाकरी आणि कांदा. जेवताना आमच्या वळचणीच्या बारा मोटारवाल्यांना फोन लावले. येत्या रविवारी वीजपुरवठा बंद करून सोडलेल्या केबली आणि पाइप ओढून काढायचे. चौघं हो म्हणाले, दोघांनी बघू म्हटलं, एकानं फोन ठेवून दिला. बाकीच्यांना आज संध्याकाळी परत लावतोय. नाना होडी देणार आहे. जॅकेट चारच आहेत, कुणाकडं असतील तर घेऊन या.