पंच कोणाचा?

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये संमत केला आणि त्या महिन्याच्या २२ तारखेस राष्ट्रपतींनी त्यावर मोहोर उठविली. असा खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड, त्याची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि ५० लाखांपर्यंत दंड, अशा कडक तरतुदी त्यात करण्यात आल्या. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा आपल्या न्यायालयांत वर्षानुवर्षे घोळलेला भेदही ह्या कायद्याने बाजूस सारला. महसूल बुडेल असे कोणी म्हणाले. संसार वाचतील असे कोणी म्हणाले. ह्या कोलाहलात एक साधा प्रश्न मात्र मागे राहिला. पडद्यावर चालणारा हा खेळ सचोटीने चालतो, याची ग्वाही कोणी द्यावयाची? हा प्रश्न बंदीने मिटत नाही. म्हणूनच पोकरच्या खेळाचा गेल्या पंचवीस वर्षांतील इतिहास वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ह्या खेळाचा जो प्रकार संगणकावर सर्वांत लोकप्रिय आहे, त्यात प्रत्येकाच्या हाती दोन झाकली पाने असतात आणि मध्ये पाच पाने उघडी होतात. हाती भिकार पाने असताना भारी पाने असल्याचा आव आणावयाचा आणि प्रतिपक्षाला माघार घ्यावयास लावावयाचे, थोडक्यात हूल द्यावयाची, हे खेळाचे मर्म. तेव्हा जेथे खोटेपणा हीच कला, तेथे फसवणुकीची तक्रार कसली, असे कोणी विचारील. हा युक्तिवाद चतुर आहे, पण खरा नाही. हूल देण्याची मुभा सर्वांना सारखीच असते आणि प्रतिपक्ष हूल देईल हे प्रत्येकजण जाणून असतो. एकाला दुसऱ्याची झाकली पाने दिसू लागली, की मात्र खेळ संपतो आणि चोरी सुरू होते. उत्तराचा अंदाज बांधणारा विद्यार्थी आणि प्रश्नपत्रिका आधीच वाचून आलेला विद्यार्थी यांत जो भेद, तोच येथे आहे.

पत्त्यांच्या फडात पाने पिसणारे हात दिसतात, खेळणाऱ्यांचे चेहरे दिसतात. द्यूतसभेत फासे शकुनीच्या हातात होते, पण निदान ते सर्वांच्या देखत पडत होते. पडद्यावर यांपैकी काहीच दिसत नाही. तेथे अड्डेवालाच पाने पिसतो, तोच वाटतो, खेळाडूंच्या ठेवी तोच सांभाळतो, प्रत्येक डावातून आपली नाल तोच कापून घेतो आणि तक्रार आलीच तर निवाडाही तोच करतो. एकाच हाती एवढे अधिकार एकवटले म्हणजे काय होते, हे पाहण्यास तर्काची गरज नाही. घडलेल्या गोष्टी पुरेशा आहेत.

१९९९ साली 'प्लॅनेट पोकर' ह्या संस्थळावर पाने कशी पिसली जातात याची कृती, प्रामाणिकपणाचा पुरावा म्हणून, उघड प्रसिद्ध करण्यात आली होती. अमेरिकेतील काही संगणकतज्ज्ञांनी ती वाचली आणि तिच्यातील दोष ताबडतोब हेरला. बावन्न पानांच्या मांडणीचे प्रकार मोजू गेल्यास ६८ आकडी संख्या होते. पण येथे यंत्र पाने पिसत होते ते मध्यरात्रीपासून किती सहस्रांश सेकंद लोटले यावरून; आणि अशा क्षणांची दिवसातील संख्या अवघी ८ कोटी ६४ लाख. स्वतःची दोन व मधली तीन पाने कळताच पुढचा सारा डाव ह्या तज्ज्ञांना संगणकावर मांडता येऊ लागला. त्यांनी ही गोष्ट जाहीर केली, हे खेळाडूंचे भाग्य. येथे लक्षात ठेवावयाचे ते हे, की कृती उघड होती म्हणूनच तिच्यातील दोष सापडला.

याच्या उलट प्रकार २००७ मध्ये 'ॲब्सोल्यूट पोकर' ह्या कंपनीत घडला. एका स्पर्धेत 'पॉटरिपर' असे टोपणनाव घेतलेला खेळाडू प्रत्येकाची पाने दिसत असल्यासारखा खेळून जिंकला. हरलेल्या प्रतिस्पर्ध्याने डावांच्या नोंदी मागितल्या, तेव्हा कंपनीकडून सर्व खेळाडूंची झाकली पाने असलेली संपूर्ण नोंदवही त्याच्याकडे गेली. खेळाडूंनीच ती डावामागून डाव तपासली आणि चोरी उघडकीस आणली. कंपनीने आधी इन्कार केला, मग कबुली दिली: आतल्याच माणसाने हे केले होते. पुढील वर्षी 'अल्टिमेटबेट' ह्या भगिनी संस्थळावर तर आज्ञावलीतच चोरवाट ठेवलेली आढळली आणि ती कित्येक वर्षे वापरात होती. १९९४ चा जागतिक विजेता रस हॅमिल्टन हा तिचा मुख्य सूत्रधार व लाभार्थी असल्याचे नियामक आयोगाने जाहीर केले. खेळाडूंना परत कराव्या लागलेल्या रकमेचा आकडा सुमारे २ कोटी २० लाख डॉलरांवर गेला.

हा नियामक आयोग कोणता? कॅनडातील मॉन्ट्रियलजवळच्या काहनवाके ह्या मोहॉक वस्तीचा. दोन्ही कंपन्यांना परवाना त्याचाच होता आणि दोन्ही कंपन्यांची मालकी त्या काळी ह्याच वस्तीच्या माजी प्रमुखाकडे होती. आयोगाने एका कंपनीस ५ लाख डॉलर आणि दुसरीस १५ लाख डॉलर दंड केला, परवाने मात्र कायम ठेवले. आम्ही कोणाच्या हेतूविषयी शंका घेत नाही. पण पंच आणि संघाचा मालक एकाच गावचे असले, तर निर्णय कितीही योग्य असो, प्रेक्षकांचा विश्वास बसत नाही. न्याय होणे जितके आवश्यक, तितकाच तो होताना दिसणेही आवश्यक.

चोरी केवळ पानांचीच होते असेही नाही. १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकी सरकारने तीन मोठ्या पोकर कंपन्यांच्या संस्थापकांविरुद्ध आरोपपत्रे उघड केली. त्यांपैकी 'फुल टिल्ट'कडे खेळाडूंचे सुमारे ३९ कोटी डॉलर देणे असून बँकेत जेमतेम ६ कोटी असल्याचे सरकारी वकिलांनी त्याच वर्षी न्यायालयापुढे मांडले. अमेरिकेतील खेळाडूंच्या हाती पैसे पडू लागावयास २०१४ साल उजाडले. डाव जिंकूनही पैसा आपला नाही, असा हा खेळ.

आता तर समोर माणूस आहे की यंत्र, हेही सांगता येत नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुक यांच्या संशोधकांनी घडविलेल्या 'प्लुरिबस' ह्या आज्ञावलीने २०१९ मध्ये सहा जणांच्या डावात निष्णात व्यावसायिकांवर मात केली. ते शास्त्राचे यश होते; परंतु तीच विद्या लपूनछपून वापरणाऱ्याच्या हाती पडली, तर नवशिक्याची दशा काय होणार? शिवाय एकाच खोलीत बसून, एकमेकांस पाने सांगत चौथ्याला लुबाडणाऱ्या तिघांना तर यंत्राचीही गरज नाही.

पाने निःपक्षपातीपणे पिसली जातात, असे एखाद्या प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र दाखवून खेळाडूला आश्वस्त करण्याची प्रथा आहे. ह्या प्रमाणपत्राचा अर्थ वाचकांनी नीट समजून घ्यावा. पाने कशी पिसली एवढेच ते सांगते. पिसलेली पाने कोण पाहत आहे, ठेवी कोठे आहेत, समोर कोण बसले आहे, हे ते सांगत नाही. ॲब्सोल्यूट पोकरमध्ये दोष पिसण्यात नव्हताच, तो पाहण्यात होता.

पैशाचा जुगार बंद झाला याचे आम्हांला दुःख नाही. पण बंदीने अड्डा गावाबाहेर जातो, माणसाची हाव मात्र गावातच राहते. उद्या कोणी तरुण परदेशी संस्थळावर चोरून खेळेल आणि लुबाडला जाईल, तेव्हा निषिद्ध कामातील तक्रार घेऊन तो कोणत्या दारी जाणार? लोकांना ह्या धोक्याची स्पष्ट कल्पना देणे आणि फसलेल्याची तक्रार त्याला गुन्हेगार न ठरविता ऐकून घेणे, हे बंदी घालणाऱ्या सरकारचे कर्तव्य आहे. पुढेमागे असा कोणताही व्यवहार पुन्हा परवान्याखाली आणावयाचा ठरला, तर तीन अटी आधी घालाव्यात: खेळाडूंच्या ठेवी कंपनीच्या तिजोरीबाहेर राहाव्यात, डावांच्या नोंदी तिऱ्हाइताला तपासता याव्यात, आणि तपासणाऱ्याचे वेतन कंपनीकडून येऊ नये.

आणि सुशिक्षित तरुणांना आमचे एवढेच सांगणे आहे. आपण हुशार आहोत, म्हणून आपण जिंकू, असे तुम्हांस वाटत असेल. २००७ साली जे लुटले गेले त्यांत उत्तम खेळाडू होते. त्यांची हुशारी खोटी नव्हती. फक्त त्यांची पाने दुसऱ्याला दिसत होती.