पाठमोरी गर्दी

4 जुलै 2025 च्या रात्री कार्डिफच्या प्रिन्सिपॅलिटी स्टेडियममध्ये ‘ओएसिस’ या बँडचा कार्यक्रम रंगात आला होता. गायक लियम गॅलाघरनं लोकांना सांगितलं, मागं वळा आणि शेजारच्याच्या खांद्यावर हात टाका. ‘सिगारेट्स अँड अल्कोहोल’ सुरू झालं आणि ज्या बँडची सोळा वर्षं वाट पाहिली त्याच्याकडेच पाठ करून हजारो माणसं एकमेकांना धरून उड्या मारू लागली. ही मूळची फुटबॉलच्या मैदानातली रीत. पोलंडच्या लेख पॉझनान संघाच्या चाहत्यांकडून 2010 साली मँचेस्टर सिटीच्या पाठीराख्यांनी ती उचलली, आणि गॅलाघर बंधू सिटीचे कट्टर भक्त.

पुनरागमनाच्या कार्यक्रमात निम्मं काम बँड करतो आणि निम्मं समोरची गर्दी. त्या रात्री हे उघड दिसलं. ओएसिसच्या बाबतीत तर मी म्हणेन, गर्दीचा वाटा निम्म्याहून जास्तच आहे.

लियमचा भाऊ नोएल यानं लिहिलेली गाणी बांधलेलीच तशी आहेत. लय फार द्रुत नाही, गिटारवरचे कॉर्ड शिकाऊ मुलालाही जमतील असे, आणि धृपदाची चाल कुठल्याही गळ्याला थोडं ताणून गाठता येईल एवढीच उंच. ओळीच्या शेवटचा स्वर लियम नाकातून लांबवतो. त्या लांबलेल्या स्वरात सामील व्हायला शब्द पाठ असण्याचीही गरज नसते. 1996 च्या ऑगस्टमध्ये नेबवर्थला दोन दिवसांत अडीच लाख माणसांनी ही गाणी अशीच गायली.

पुढं 28 ऑगस्ट 2009 ला पॅरिसच्या एका महोत्सवात, मंचावर जायच्या आधीच दोघा भावांचं कडाक्याचं भांडण झालं. नोएल बाहेर पडला आणि बँड संपला. गाणी मात्र संपली नाहीत. मे 2017 मध्ये मँचेस्टर अरीनातल्या बॉम्बस्फोटात 22 माणसं गेली. त्यानंतर सेंट अ‍ॅन्स चौकात जमलेल्या लोकांनी मिनिटभर स्तब्धता पाळली. ती संपता संपता एका बाईनं ‘डोन्ट लुक बॅक इन अँगर’ म्हणायला सुरुवात केली आणि बघता बघता अख्खा चौक गाऊ लागला. वाद्य नाही, माइक नाही, आणि बँड तर आठ वर्षांपूर्वीच मोडलेला. ज्यांनी त्या पडत्या काळात ही गाणी जिवंत ठेवली, त्यांच्याच भरवशावर पुनरागमनाचा हा दौरा उभा राहिला.

म्हणूनच ‘नवीन काहीच नाही’ या तक्रारीशी मी सहमत नाही. कार्यक्रमातल्या तेवीस गाण्यांत एकही नवं नाही, हे खरं. 2000 नंतरचं एकच, ‘लिटल बाय लिटल’. बाकी सगळा नव्वदीचा ऐवज, आणि तो योग्यच. दुसरंच गाणं ‘अ‍ॅक्विएस’. एके काळी सिंगलच्या मागच्या बाजूला टाकून दिलेलं. त्यात कडवं लियमचं आणि धृपद नोएलचं. खरखरीत, पुढं रेटणारा एक गळा थांबतो आणि त्याच्या जागी वरच्या पट्टीतला, स्वच्छ असा दुसरा येतो. दोन भावांनी अबोला धरला तर हे गाणं होऊच शकत नाही. दोघांनी हातात हात घालून मंचावर येण्यापेक्षा मला ही गळ्यांची अदलाबदल जास्त खरी वाटली.

पण ज्या लोकांमुळे हे घडलं, त्यांच्याशी तिकीट विकताना काय झालं? 31 ऑगस्ट 2024 ला लोक तासन्‌तास ऑनलाइन रांगेत ताटकळले. नंबर लागेपर्यंत उभं राहून बघायचं सुमारे दीडशे पौंडांचं तिकीट साडेतीनशेच्या वर गेलेलं. दर चढवण्याची ही पद्धत आपल्याला माहीत नव्हती, असं बँडनं सांगितलं. पुढच्या उत्तर अमेरिकेतल्या कार्यक्रमांना ती लावली नाही, हे चांगलं केलं. पण ब्रिटनमधल्यांचे पैसे गेले ते गेलेच. तिथल्या स्पर्धा नियामकानं चौकशी केली तेव्हा दिसलं, की ‘प्लॅटिनम’ म्हणून जवळजवळ अडीचपट दरानं विकलेल्या काही तिकिटांत जादा काहीच नव्हतं. आपल्याकडेही तीनच आठवड्यांनी नवी मुंबईत नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममधल्या कोल्डप्लेच्या तिकिटांसाठी लोक असेच स्क्रीनसमोर बसून राहिले, आणि मग काळ्या बाजारातले लाखांचे आकडे ऐकत राहिले.

मँचेस्टरच्या हीटन पार्कमध्ये पाच रात्री कार्यक्रम झाले. तिकीट न मिळालेले शेकडो लोक उद्यानातल्या एका टेकाडावर जमले. तिथून मंच धड दिसत नव्हता, आवाज येत होता, आणि तेवढ्यावर ते गात होते. लोकांनी त्याला ‘गॅलाघर हिल’ म्हणायला सुरुवात केली, गर्दी वाढली आणि पालिकेनं कुंपण घातलं.

ब्रिटनमधली ती तिकिटं विकणाऱ्या कंपनीनं सप्टेंबर 2025 मध्ये हमी दिली आहे, की टप्प्याटप्प्यानं चढे दर लावायचे असतील तर चोवीस तास आधी सांगू. एवढ्यानं भागणार नाही. रांगेत उभं राहताना जो भाव दाखवला, त्याच भावानं तिकीट मिळालं पाहिजे. लंडनमध्ये आणि नेरुळमध्येही.