वेळ लिहायला काय जातं?



माहेरच्या दुकानात मार्चअखेरीला मालमोजणी असे. त्या दिवशी बाबा दारावर पाटी लावत : 'मालमोजणीसाठी आज दुकान बंद. उद्या नऊला उघडेल. निकड असल्यास मागच्या दारी हाक मारावी.' बी.कॉम.ला स्टॉक टेकिंग शिकले ते पुढे. पाटी आधीच पाठ होती.

परवा एका तीर्थक्षेत्राच्या धर्मशाळेत खोली हवी होती. वन्सं ऐंशीच्या पुढच्या, गुडघे गेलेले. दशलक्षण पर्वात तिथला अभिषेक एकदा डोळे भरून पाहायचा, एवढीच त्यांची इच्छा. तळमजल्याचीच खोली लागणार. नेमकं आरक्षण सुरू व्हायच्या दिवशी वेबसाइटवर पांढरं पान आणि इंग्रजीत एक ओळ : दुरुस्ती चालू आहे, थोड्या वेळाने या. थोड्या म्हणजे किती? फोन नंबरही नाही. सामायिक आटोपून पाहिलं, जेवणानंतर पाहिलं. संध्याकाळी साइट उघडली आणि मी पोचेपर्यंत तळमजला भरला होता.

भाचा वेबसाइटी बनवतो. तो म्हणाला, "आत्या, पान लावणं बरोबरच आहे. अर्धवट बदललेल्या साइटवर कुणी पैसे भरले, तर पैसे जातील आणि नोंद व्हायची नाही." हे पटलं. वर्डप्रेसमध्ये अपडेट करताना असं पान आपोआप येतं म्हणे, पण ते मिनिटभराच्या कामापुरतं. दिवसभराचं काम असेल तर आपलं पान आपण लिहायचं. गंमत पुढेच आहे. साइटने ५०३ हा क्रमांक पाठवला की गूगलला कळतं, बंद तात्पुरतं आहे. किती वेळाने परत यायचं, तेही सोबत कळवता येतं. म्हणजे यंत्राला वेळ सांगायची सोय आहे, आणि वन्संना मात्र 'थोड्या वेळाने'!

"वेळ लिहून चुकली तर लोक बोलतात, म्हणून लिहीत नाहीत," भाचा म्हणाला. हे मला मुळीच मान्य नाही. उत्तम आर्जवावर दरवर्षी प्रवचन ऐकायचं आणि पाटीवर मोघम लिहायचं? बाबांचीही मोजणी लांबायची. ते नऊ खोडून अकरा लिहीत. गिऱ्हाईक अकराला येई.

व्यवस्थापकांना मी मजकूर पाठवलाय : 'साइटचे काम चालू आहे. दुपारी चारला उघडेल. वयस्करांच्या खोलीसाठी या नंबरवर फोन करा.' खाली लिहिलं, आरक्षणाच्या दिवशी काम काढू नका, आदल्या रात्री काढा. उत्तर आलेलं नाही. आम्हाला पहिल्या मजल्यावरची खोली मिळाली आहे, आणि तिथे लिफ्ट नाही.