चोर पकडा, मतपेटी जप्त करू नका

२४ एप्रिल २०२३ रोजी ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली. टॉर्टोला, व्हर्जिन गोर्डा, अनेगाडा, योस्ट व्हॅन डाइक आणि आसपासची लहानमोठी बेटं मिळून कॅरिबियन समुद्रातला, ब्रिटनच्या ताब्यातला हा मुलूख. वस्ती तीस हजारांच्या आसपास, विधानसभेच्या जागा तेरा. लोक मतदानाला गेले तेव्हा लंडनमध्ये एक हुकूम तयार होता. त्याच्या अंमलाची तारीख जाहीर झाली की विधानसभा बरखास्त, मंत्री घरी आणि सगळा कारभार लंडनने नेमलेल्या गव्हर्नरच्या हातात. मग निवडून कोण आलं याला कवडीचीही किंमत राहिली नसती. डोक्यावर टांगती तलवार ठेवून घेतलेल्या या निवडणुकीला मुक्त निवडणूक म्हणायला मी तयार नाही. ही तलवार बेटांच्या भल्यासाठी होती, हा लंडनचा दावा तर मला साफ अमान्य आहे.

बेटांवरच्या पुढाऱ्यांची वकिली करायला मी बसलेलो नाही. सर गॅरी हिकिनबॉटम या निवृत्त ब्रिटिश न्यायाधीशांच्या चौकशी आयोगाने २०२२ च्या एप्रिलमध्ये जो जाडजूड अहवाल दिला, तो वाचताना संताप येतो. एका सरकारी शाळेच्या कुंपणभिंतीचं प्रकरण घ्या. एकच भिंत, पण तिच्या कामाचे तुकडे करून सत्तरच्या आसपास ठेकेदारांना वाटले. त्यातल्या अनेकांकडे बांधकामाचा परवानाही नव्हता. खर्च अकरा लाख डॉलरच्या वर गेला आणि भिंत अर्धवटच राहिली. दुसरं प्रकरण विमान कंपनीचं. मायामीला थेट विमानसेवा सुरू करण्यासाठी सरकारने एका कंपनीला बहात्तर लाख डॉलर मोजले. त्या कंपनीचं एकही प्रवासी विमान मायामीला गेलं नाही. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये इर्मा वादळाने ज्या बेटांवर घरांची छपरं उडवून नेली, तिथल्या जनतेचा हा पैसा होता. तो खाणाऱ्यांना आणि खाऊ देणाऱ्यांना कोर्टात खेचलंच पाहिजे.

पण ही दोन्ही प्रकरणं आधी कोणी उघडकीला आणली? बेटांच्या स्वतःच्या महालेखापरीक्षकांच्या कार्यालयाने. लंडनचा आयोग बोटीतून उतरण्याआधी स्थानिक अधिकाऱ्यांनी हिशेब तपासून अहवाल लिहून ठेवले होते. कमी पडला तो पुढचा तपास. आणि तपास करायचा पोलिसांनी, तर हे पोलीस कोणाच्या अखत्यारीत? २००७ च्या संविधानानुसार अंतर्गत सुरक्षा गव्हर्नरकडे आहे, निवडून आलेल्या मंत्र्यांकडे नाही. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये याच पोलीस दलातल्या एका माणसाच्या जागेत दोन टनांहून अधिक कोकेन सापडलं. ज्या खात्यावर लंडनचा थेट ताबा, त्या खात्याची ही अवस्था. तरी नालायक ठरली ती विधानसभा, आणि इलाज म्हणून आयोगाने सुचवलं की तिलाच दोन वर्षं कुलूप लावा आणि गव्हर्नरला आणखी सत्ता द्या. ज्याने आपलं काम नीट केलं नाही त्यालाच बक्षिसी देण्याचा हा न्याय मला कोणीतरी समजावून सांगावा.

अहवाल जाहीर झाला २९ एप्रिल २०२२ रोजी. त्याच्या आदल्याच दिवशी प्रीमियर अँड्र्यू फाही यांना मायामीत अटक झाली होती. मेक्सिकोच्या सिनालोआ टोळीचा माणूस असल्याचं सोंग घेतलेल्या अमेरिकी खबऱ्याशी त्यांनी कोकेनच्या वाहतुकीचा सौदा केला होता. मायामीजवळच्या विमानतळावर एका खासगी विमानात सात लाख डॉलर दाखवून त्यांना पकडलं. २०२४ च्या फेब्रुवारीत ज्यूरीने दोषी ठरवलं, ऑगस्टमध्ये सव्वाअकरा वर्षांची शिक्षा झाली. या सगळ्यासाठी कुणाचंही संविधान स्थगित करावं लागलं नाही. तपास झाला, पुरावा उभा राहिला, ज्यूरी बसली आणि एक सत्ताधीश तुरुंगात गेला. गुन्हेगाराला शिक्षा द्यायचा रस्ता हाच आहे.

दुसरा रस्ता कुठे नेतो हेही लंडनला चांगलं ठाऊक आहे, कारण ब्रिटनच्याच ताब्यातल्या टर्क्स अँड केकोस बेटांवर तो तुडवून झाला आहे. तिथेही प्रीमियरवर भ्रष्टाचाराचे आरोप झाले, सर रॉबिन ऑल्ड यांचा चौकशी आयोग बसला, आणि १४ ऑगस्ट २००९ रोजी विधानसभा, मंत्रिमंडळ आणि ज्यूरीसमोर खटल्याचा हक्क, तिन्ही एकदम काढून घेतले. निवडणूक २०११ च्या जुलैपर्यंत घेऊ असं सांगितलं होतं, ती झाली ९ नोव्हेंबर २०१२ ला. तीन वर्षांहून अधिक काळ लोकांवर करांपासून नोकरकपातीपर्यंतचे निर्णय अशा माणसांनी लादले, ज्यांना त्यांनी कधी मत दिलं नव्हतं आणि खाली खेचूही शकत नव्हते. आणि पदरात काय पडलं? माजी प्रीमियरचा खटला २०१५ अखेरीस सुरू झाला. ज्यूरी नव्हती, एकटे न्यायाधीश होते. निकाल देण्याआधीच २०२१ मध्ये त्यांचं निधन झालं आणि खटला पुन्हा पहिल्यापासून चालवायची वेळ आली. इकडे २०१२ च्या निवडणुकीत लोकांनी पंधरापैकी आठ जागा देऊन त्याच माजी प्रीमियरच्या पक्षाला परत सत्तेवर बसवलं. सुधारणेच्या नावाने लोकांचा हक्क गेला, सुधारणा झाली नाही आणि न्यायही वेळेत मिळाला नाही.

मराठी वाचकाला ही रीत ओळखीची वाटायला हवी. १८७३ मध्ये मल्हारराव गायकवाडांच्या गैरकारभाराची चौकशी करायला असाच आयोग बडोद्यात आला होता. पुढे रेसिडेंट कर्नल फेर यांच्यावरच्या विषप्रयोगाच्या आरोपासाठी दुसरा आयोग बसला. त्यात तीन इंग्रज सदस्यांनी महाराजांना दोषी धरलं, तिघा हिंदी सदस्यांनी धरलं नाही. तरी १८७५ च्या एप्रिलमध्ये मल्हाररावांना पदच्युत केलंच, कारण दिलं गैरकारभाराचं. मल्हारराव चांगले राज्यकर्ते नव्हतेच. पण आरोप सिद्ध होवो न होवो, निकाल आधीच ठरलेला असतो, हे बडोद्याने तेव्हाच पाहिलं. सुराज्याच्या नावाखाली स्वराज्य काढून घ्यायचं की नाही, हा वाद आपल्याकडे दोन पिढ्यांनी घातला आणि संपवला. कॅरिबियनमधल्या लोकांनी तो २०२२ मध्ये पुन्हा सुरू करावा अशी अपेक्षा धरणं हा त्यांचा अपमान आहे. त्या वर्षी मे महिन्यात राजधानी रोड टाउनला गव्हर्नरच्या निवासस्थानाबाहेर लोक फलक घेऊन उभे राहिले, ते फाहींना वाचवायला नव्हे. ज्या पार्लमेंटात त्यांचा एकही खासदार बसत नाही, ते पार्लमेंट त्यांची विधानसभा बंद करू शकतं, या गोष्टीविरुद्ध ते उभे होते.

आता लंडनच्या स्वच्छतेच्या कळवळ्याची परीक्षा घेऊ. तीस हजार माणसांच्या या बेटांवर साडेतीन लाखांहून अधिक कंपन्या नोंदलेल्या आहेत. २०१६ च्या पनामा पेपर्समध्ये ज्या कंपन्यांची नावं फुटली, त्यातल्या निम्म्याहून अधिक इथल्या होत्या, आणि त्यामागे भारतातली मंडळीही निघाली. आपल्याकडे बुडवलेला कर आणि लपवलेला पैसा याच बेटांच्या पत्त्यांवर जाऊन बसतो, म्हणून हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. या कंपन्यांचे खरे मालक कोण, याची नोंदवही सर्वांसाठी खुली करायला लावणारा कायदा ब्रिटिश पार्लमेंटने २०१८ मध्ये केला. मुदत आधी २०२० अखेरची होती, ती २०२३ अखेरपर्यंत लांबली, आणि ते वर्षही संपलं तरी वही उघडली नाही. विधानसभा बरखास्त करण्याचा हुकूम काही आठवड्यांत तयार होतो. नोंदवहीचं पान उलटायला मात्र पाच वर्षं पुरत नाहीत. धनदांडग्यांच्या वहीला हात लावायची हिंमत नाही, म्हणून मतदाराच्या हक्कावर हात टाकला, असं मी सरळ म्हणतो.

त्या मतदाराने २०२३ मध्ये काय केलं तेही पाहा. फाहींच्या व्हर्जिन आयलंड्स पार्टीला २०१९ मध्ये आठ जागा होत्या, त्या सहावर आल्या. पक्ष सर्वांत मोठा राहिला, पण बहुमत काढून घेतलं. दोन पक्षांना तीन-तीन आणि आणखी एकाला एक जागा दिली. इतका तोलून मापून दिलेला कौल आपल्या मोठमोठ्या राज्यांतही क्वचित दिसतो. तो मातीत घालायचं काम पुढाऱ्यांनी केलं. विरोधी पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेल्या लॉर्ना स्मिथ सत्ताधाऱ्यांना जाऊन मिळाल्या, उपप्रीमियर झाल्या, आणि प्रीमियर नटालियो व्हीटली यांचं सरकार सात जणांच्या बळावर उभं राहिलं. मतदारांशी केलेली ही बेइमानी आहे, आणि तिची शिक्षा देण्याचा अधिकार फक्त त्याच मतदारांना आहे.

या मतदारवर्गालाही एक गोष्ट सुनावली पाहिजे. बेटांवर राबणारी हजारो माणसं गयाना, सेंट व्हिन्सेंट, डोमिनिकन रिपब्लिक, फिलिपिन्स इथून आलेली आहेत. हॉटेलं, बांधकामं, दुकानं त्यांच्या कष्टावर चालतात. वर्षानुवर्षं राहूनही बहुतेकांना ‘बेलाँगर’ हा दर्जा मिळत नाही, आणि तो नाही तर मत नाही. लंडनकडे स्वराज्य मागणाऱ्यांनी आपल्याच गल्लीत राहणाऱ्या माणसाला मत नाकारावं, हे मला अजिबात पटत नाही. लंडनवर डागलेला प्रत्येक शब्द त्यांच्यावरही उलटतो.

विधानसभेची मुदत चार वर्षांची आहे, म्हणजे पुढची निवडणूक २०२७ च्या आसपास येईल. तोवर लंडनने संविधान स्थगित करण्याचा अधिकारच कायमचा सोडून द्यावा, पोलीस दल निवडून आलेल्या सभेला जबाबदार करावं आणि कंपन्यांची वही सगळ्या जगासमोर उघडावी. रोड टाउनच्या विधानसभेने आपल्यात राबणाऱ्यांना मत द्यावं. एवढं होत नसेल, तर एका बाजूने स्वच्छतेची आणि दुसऱ्या बाजूने स्वाभिमानाची भाषा बंद करावी.